मधुकररावांची बोलायची पाळी

सोमवारी सकाळी कांता भांडी घासायला आली, तेव्हा मधुकरराव कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसलेले होते. कानांवर हेडफोन, मुठीत दम्याचा पंप, ओठ निळे. टेलिफोनचा रिसीव्हर टेबलावरून खाली लोंबत होता.

फौजदार ज्योत्स्ना सिंदी मेघेतल्या त्या घरी पोचली तेव्हा शेजारी म्हणत होते, दम्यानं गेले बिचारे. तिलाही आधी तसंच वाटलं. मग तिनं मुठीतला पंप सोडवला आणि रुमालात धरून दाबला. नुसता खट्ट आवाज आला. तिनं तो पाकिटात घातला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मॉनिटरच्या मागं वाटीएवढी राख होती. तिनं वास घेतला. धूप.

"या घरात उदबत्तीही लागत नोती, मॅडम," कांता म्हणाली. "धुरानं जीव घाबरा होये त्याह्यचा. शनिवारीच मेडिकलातून नवा पंप आणून देल्लता म्या."

"काल कोण आलं होतं?"

"जावईबापू. मशीन शिकवाले. दोघायचं जोरात वाजलं. साहेब म्हणे, पोरीच्या अंगावरचे वळ पाह्यले म्या. आज पोराले सांगतो, अन् उद्या पोरीले घरी आणतो."

पोरगा म्हणजे स्वप्निल, नोकरीनिमित्त मस्कतला. त्याच्याशी फोनवर बोलणं परवडत नसे. म्हणून जावई प्रफुल यानं ही युक्ती सुचवली होती. पिपरी मेघेत त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. सासऱ्यांना त्यानं जुना कॉम्प्युटर आणून दिला, इंटरनेटवर गप्पा मारायचा प्रोग्राम टाकला, नाव आणि पासवर्ड करून दिला, घरच्यांपुरती एक रूम उघडली. रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा सगळे तिथं भेटणार होते.

तिनं मशीनची तार काढून रिसीव्हर जागेवर ठेवला. दुपारी स्वप्निलचा फोन आला. ज्योत्स्नानं त्याला रडू दिलं, मग विचारलं, हे बोलणं चालतं कसं?

एका वेळी एकच जण बोलू शकतो, त्यानं सांगितलं. बटण दाबून ठेवलं की माइक त्याचा. तो सोडेपर्यंत बाकीचे फक्त ऐकतात. लिहिता मात्र सगळ्यांना येतं. आणि नेट टेलिफोनच्या तारेवर चालतं, त्यामुळे तोवर फोन लागत नाही.

"काल कोण बोललं?"

"बाबांनी एकदा हॅलो म्हटलं. मग ताई गात होती, आई म्हणायची ती अंगाई. बाबांची फर्माइश आहे, असं भाऊजी म्हणाले. ती पुन्हा पुन्हा गात होती."

"आणि बाबा?"

"काहीतरी टाइप करत होते. शिकतायत म्हणून मी हसरा चेहरा पाठवला."

ज्योत्स्ना पडद्याकडं वळली. गप्पांची खिडकी अजून उघडीच होती. पी, एम, पी. खाली पुन्हा पी, एम. मग नुसता पी, ओळभर. त्याखाली तो पिवळा हसरा चेहरा. पंप, तिनं अक्षरं जुळवली. स्वप्निल तिकडून हॅलो हॅलो करत राहिला.

संध्याकाळी ती प्रफुलच्या घरी गेली. त्याची बायको वर्षाली दाराशी उभी होती, मनगटावर पदर ओढून. बापासाठी रडून तिचा चेहरा सुजला होता.

"मशीन सुरू करून कधी निघालात?"

"दिवेलागणीले. घरी येऊन इथूनच बोललो."

"त्यांच्या हातात पंप सापडला."

प्रफुलनं खेदानं मान हलवली. "रिकामा पंप दाबून काय होते, मॅडम. वय झालतं त्याह्यचं."

"रिकामा?"

त्यानं बायकोकडं पाहिलं.

"रिकामा होता हे मी कोणालाच सांगितलेलं नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "शनिवारी घरात नवा पंप आला होता. रविवारी तुम्ही तो उचलला आणि जुना संपलेला त्याच्या जागी ठेवला. मशीनच्या मागं धूप लावलात. उठून फोन करतील तर फोनची लाइन तुमच्याच इंटरनेटनं अडवलेली. राहिला माइक. दम लागलाय एवढं म्हणाले असते, तर स्वप्निलनं मस्कतहून कोणालातरी पळवलं असतं. तो माइक तुम्ही मोकळा होऊ दिला नाही. समोर अक्षरं येत होती, ती वाचत बसलात."

प्रफुलच्या स्कूटरच्या डिकीची झडती घ्यायला शिपाई आधीच गेला होता. भरलेला पंप तिथंच निघाला. तो फेकायची घाईसुद्धा प्रफुलला वाटली नव्हती.

"मी कुठं बोललो?" प्रफुल शांतपणे म्हणाला. "सगळा वेळ तर हीच गात होती. विचारा हिले."

वर्षाली भिंतीला टेकली.

"मी दोनदा थांबली," ती म्हणाली. "बाबा काय लिहून राह्यले, म्हटलं. हा म्हणे, खुश होऊन राह्यले, अजून एकदा म्हण. बटण यानंच दाबून धरलं होतं."

शिपायांनी प्रफुलला बाहेर नेलं. अंगणात शेजारी जमले होते. त्यांच्यातल्या ओळखीच्यांना त्यानं जाता जाता नमस्कार केला.

वर्षालीनं ज्योत्स्नाचा हात धरला. "मॅडम, बाबाले माह्यं गाणं आयकू येत होतं का?"

ज्योत्स्नाला खोटं बोलता आलं असतं. पण कोर्टात हे सगळं निघणारच होतं, आणि तिथं हात धरायला कोणी नसतं.

"हो," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."