हिरव्या टोपीचा प्रेक्षक

ब्रॅनिगनच्या च्युइंगमला चव अशी नव्हतीच. चार वेळा चावलं की गोडी संपायची आणि तोंडात उरायचं नुसतं रबर. पण बाल्टिमोरची पोरं ते घ्यायची पुडीतल्या कार्डासाठी: बेसबॉल खेळाडूचं रंगीत चित्र, खाली तिरप्या पट्टीत नाव, त्यावर त्याची सही आणि मागे माणसांनी फुललेलं मैदान. ती माणसं बोझेना हावरानेक रंगवायची.

माणसं खरी नसायचीच. फोटो निघायचे फ्लोरिडात, सरावाच्या मैदानावर, आणि तिथल्या बाकांवर चिटपाखरू नसायचं. काळ्यापांढऱ्या फोटोवर बोझेना आधी खेळाडूच्या गालांना रंग द्यायची. त्यानं हिवाळ्यात संघ बदलला असला तर जुनी टोपी पुसून नवी चढवायची. मग बाकांवर गर्दी बसवायची, म्हणजे ठिपके मारायची. ते कसब घरचंच होतं. युरोपातल्या बोहेमियातून आलेल्यांच्या तिच्या वस्तीत घरोघरी खिडकीच्या तारेच्या जाळीवर चित्र रंगवलेलं असे, लाल छपराचं घर, तळं आणि हंस. रस्त्यावरून बघणाऱ्याला फक्त चित्र दिसतं आणि आत बसलेल्याला अख्खा रस्ता. बोझेनाच्या घरची जाळी तिनं आणि धाकट्या भावानं, यार्दानं, मिळून रंगवली होती. बसवताना तार लागून यार्दाची डावी भुवई मधोमध फाटली, ती कायमची.

यार्दा कोरियात लढायला गेला आणि तिथल्या बर्फात हरवला. सैन्याकडून आलेल्या तारेत तेवढंच लिहिलं होतं. आईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

"हरवलाय ना? मग सापडेल," ती म्हणाली. "लहानपणी बाजारात काय कमी वेळा हरवला?"

तेव्हापासून बोझेना प्रत्येक कार्डावर गर्दीत एक माणूस जास्तीचा बसवू लागली. अगदी वरच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात, मोहरीएवढा, हिरव्या टोपीचा. यार्दा ती टोपी जेवतानाही काढत नसे आणि आई रोज त्याच्यावर खेकसायची, "टोपी काढ आधी!" हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? एक ठिपका.

त्या वर्षी नेवार्कच्या किंबल गम कंपनीनं ब्रॅनिगनच्या नाकावर टिच्चून तशीच कार्डं काढली. तीच तिरपी पट्टी, तीच सही, गर्दीसुद्धा तीच. ब्रॅनिगन साहेबांचं रक्त असं उकळलं की त्यांनी थेट कोर्ट गाठलं. एका सकाळी ते भिंग घेऊन बोझेनाच्या टेबलाशी आले. किंबलची कार्डं त्यांनी बाजारात आली त्या क्रमानं मांडली.

"हा बघ. हिरवी टोपी. आपल्या प्रत्येक कार्डावर आहे, म्हणजे तूच काढतेस. बरोबर?"

"हो, साहेब."

"अगं, मग सापडला की चोर! त्यांच्याही प्रत्येक कार्डावर आहे. लबाडांनी जागा तेवढी बदललीय, दर खेपेला जरा खाली सरकवलाय. तू कोर्टात फक्त एवढं सांग, की हा माझा माणूस. किंबलचा कारखाना थंड पडेल."

बोझेनानं भिंग घेतलं. छापील चित्र भिंगाखाली धरलं की त्याचं चित्रपण जातं, लाल-निळे-पिवळे ठिपके उरतात. खेळाडूचा गाल फुटला. बाक फुटले. हिरव्या टोपीखालचा चेहरा मात्र फुटला नाही. तो शांतपणे बसून होता. डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

एवढी बारीक रेघ ओढणारा कुंचला जगात नव्हता, आणि तिनं ती कधी ओढलीही नव्हती.

"दिसला?" साहेबांनी विचारलं.

"दिसला," ती म्हणाली. भीती वाटायला हवी होती. पण एखाद्या उंच चर्चमध्ये पहिल्यांदा मान वर करावी तसं तिला वाटत होतं.

साहेबांनीही बघितलं. त्यांना ठिपकेच दिसले.

धंद्यात सगळे एकमेकांना नावानं ओळखत. किंबलचा चित्रकार सिल्व्हियो मारांका. रविवारी ती गाडीनं नेवार्कला गेली. म्हातारा स्वयंपाकघरात टोमॅटोचा रस्सा ढवळत होता. नाव ऐकताच त्यानं हातातला डाव खाली ठेवला.

"भांडायला आलात?"

"विचारायला आलेय."

"चोरी करतो मी, लपवून काय करू? पोट आहे. तुमची पट्टी चोरली, सह्या चोरल्या. एका खेळाडूला तुम्ही चुकून सहा बोटं दिलीत ना, तीही चोरली." तो हसला, पण लगेच थांबला. "पण बाई, तो माणूस मी चोरलेला नाही."

"मग कुणी काढला?"

"पहिल्याच कार्डाला मला वाटलं, ही तुमची खूण असणार. छापली तर पकडला जाईन. म्हणून ती जागा मी कोरी ठेवतो. छापून येतं तेव्हा तो असतो. कोऱ्या जागेत नाही, त्याहून खाली." म्हाताऱ्यानं छातीवर क्रूस काढला. "माझं आयुष्य दुसऱ्याचं बघून काढण्यात गेलं. नवीन असं काही माझ्या हातून कधी झालं नाही. आणि हे असं काही... कोण आहे हो तो?"

"माझा भाऊ."

रस्सा बुडाला लागल्याचा वास आला. दोघंही हलली नाहीत.

"गेल्या खेपेला तो कठड्याशी पोचला," सिल्व्हियो हळूच म्हणाला. "मैदानात उतरायचं फाटक आहे ना, तिथं. पुढची कार्डं अजून छापायची आहेत. तुम्ही कोर्टात साक्ष दिलीत की छपाई बंद."

साक्षीच्या दिवशी वकिलानं दोन्ही कार्डं तिच्यापुढे धरली. ब्रॅनिगन साहेब पहिल्या रांगेत हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते. त्यांनी तिला पोरवयात कामावर घेतलं होतं, तार आली तेव्हा तिच्या आईला घरी भेटायला आले होते. तिला त्यांच्याकडे बघवेना.

"हा हिरव्या टोपीचा माणूस तुमची खूण आहे?"

"नाही," बोझेना म्हणाली. "माझी खूण नाही ती. गर्दीत असतात अशी माणसं."

खटला तिथंच कोसळला. बाहेर साहेब ओरडले नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणाले आणि हॅट घालून निघून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

किंबलची नवी कार्डं आली ती शनिवारी. बायका आपापल्या दारच्या संगमरवरी पायऱ्या घासत होत्या. बोझेनानं नाक्यावरून ओंजळभर पुड्या घेतल्या आणि घराच्या पायरीशी येऊन, खिडकीपुढे उभी राहून, एक फोडली.

वरच्या ओळीत तो नव्हता. मधल्या ओळीत नव्हता. कठड्याशी नव्हता.

तिनं दुसरी फोडली. तिसरी. सगळ्या फोडल्या. गमचे तुकडे पायरीवर पडले.

तो कुठंच नव्हता. प्रत्येक कार्डावर मैदानात उतरायचं फाटक उघडं होतं, आणि कुणीच आलेलं नव्हतं.

नोकरी गेली. साहेबांचा विश्वास गेला. आणि ज्याच्यासाठी हे सारं केलं तोही गेला. खिडकीला कपाळ टेकून ती रडू लागली. समोर जाळीवर लाल छपराचं घर होतं, तळं होतं, हंस होते.

"बोझेना," जाळीच्या आतून आईचा आवाज आला. "जरा बाजूला हो बघू. तुझ्यामागं कोण उभं आहे ते दिसत नाहीये."

शेजारणीचा ब्रश थांबला होता.

बोझेनाला मान वळवता आली नाही. ती फक्त एक पाऊल बाजूला सरकली.

आत खुर्ची करकरली. आई उठली असावी.

मग रोजच्यासारखी खेकसली, "टोपी काढ आधी!"