नैवेद्याच्या हाताचं मीठ

"थांबा! अहो... थांबा म्हणते ना!"

खांद्यावर गोणी घेतलेला तरुण जागच्या जागी थबकला. गोणीचं तोंड उघडं होतं. अंग मागं ओढून, मान वळवून तो लांबूनच ती पोहण्याच्या तलावात रिकामी करायच्या बेतात होता.

"मीठच आहे, मॅडम," तो म्हणाला. "पाण्यात टाकायलाच मागवलंय ना?"

"टाकायला नाही, विरघळवायला. आणि आधी ती गोणी खाली ठेवा. एकट्यानं उचलून पाठ धरली म्हणजे?"

"माझ्या पाठीची इतकी काळजी?"

"गोणीची," ती म्हणाली. पण हसू मात्र तिला आवरलं नाही.

तो ऋषिराज. कराडला त्याच्या घरचं मीठ आणि पेंडीचं दुकान. आणि ही अंकिता. वाईच्या घाटावर, कृष्णेत पोहायला शिकलेली. उंब्रजजवळ नाथाजीकाकांनी शेतात तलाव बांधला, तेव्हापासून ती तिथं मुलींना पोहायला शिकवत होती. पण क्लोरीनच्या पावडरीचा अंदाज रोज चुके. मुली घरी जायच्या त्या लालभडक डोळे घेऊन, आणि एकेक आई म्हणू लागली, "नको बाई ते पोहणं."

तेव्हा अंकितानं हट्ट धरून मिठावर चालणारं यंत्र बसवून घेतलं. क्लोरीन तिथंही असतंच. पण यंत्र ते पाण्यातल्या मिठापासून हळूहळू, लागेल तेवढंच तयार करतं. नाथाजींनी मात्र अट घातली होती. रविवारी आया बघायला येणार. पाणी नीट असलं तर वर्ग चालू. नाहीतर तलाव हायवेवरच्या लग्नाच्या लॉनवाल्याला भाड्यानं. अंकिताच्या मुली मग कुठं जाणार?

"आयोडीनचं नाही ना?" तिनं मूठभर मीठ उन्हात धरलं.

"साधं, शुद्ध. गोळे होऊ नयेत म्हणून पावडर मिसळतात, ती पण नाही. तुम्ही फोनवर तीनदा सांगितलं होतं."

"तुम्ही मोजलंत?"

"आवाज चांगला होता," तो म्हणाला... आणि लगेच गोणीची सुतळी सोडवायला वाकला.

दोघं कामाला लागली. आधी तिनं पाण्यात तपासणीची पट्टी बुडवून रंग पाहिला, आता किती मीठ आहे ते कळायला. यंत्र बंद केलं. पंप मात्र चालू ठेवला, पाणी फिरत राहायला हवं म्हणून. मग उथळ बाजूच्या काठानं चालत थोडं थोडं मीठ पसरलं, पाणी ओढून घेणाऱ्या तोंडापासून लांब. तळाशी पांढरे ढीग दिसले की ती लांब दांड्याचा ब्रश त्याच्या हातात द्यायची.

"पसरवा. एका जागी पडून राहिलं तर फरशीवर डाग पडतो."

तो ब्रश चालवायचा खरा, पण काठापासून चांगला दूर उभा राहून. एकदा दांडा सरकवताना दोघांची बोटं एकमेकांना लागली. ब्रश थांबला. पाणी तेवढं हललं.

"तुम्हाला पाण्याची भीती वाटते?" शेवटी तिनं विचारलं.

"भीती नाही... आमची ओळख नाही अजून."

निम्म्या गोण्या संपल्यावर ती थांबली. "बास. आता उद्या."

नेमके तेव्हाच नाथाजी आले. त्यांनी ओंजळभर पाणी जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "आळणी हाय की! रविवार परवावर आलाय. ऋषिराज, ओत रं सगळं."

"काका, अजून पाण्यात मिसळलं नाही," अंकिता म्हणाली. "समुद्रासारखं खारट करायचंच नाही. डोळ्यातल्या पाण्यापेक्षाही कमी खारट हवं, तरच डोळे चुरचुरत नाहीत."

"आवं मॅडम, कमी पडलं तर यंत्र चालणार न्हाई!"

"कमी पडलं तर उद्या घालता येईल. जास्त झालं तर काढायचं कसं? निम्मं पाणी सोडून द्यावं लागेल. आणि नवीन पाणी आणणार कुठून? कालवा तर बंद झालाय."

"त्ये बघू म्होरं. ओत रं तू!"

ऋषिराजनं एकदा नाथाजींकडं पाहिलं, एकदा अंकिताकडं. मग उरलेल्या गोण्यांवर तो मांडी घालून बसला.

"काका, विकणारा मी आणि नको म्हणणारा पण मीच. एवढ्यावरनं तरी समजा."

नाथाजींचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तोच मागून चंद्राबाई आल्या. त्यांच्या कारभारीणबाई. हातात चहाची किटली.

"आवं, नैवेद्याच्या आमटीत मीठ कसं घालती मी? चाखून?"

नाथाजींनी नकारार्थी मान हलवली.

"देवाला दावायच्या आधी चाखायचं न्हाई. मग हात आखडूनच घालायचं. कमी पडलं तर पानात वाढता येतं. पोरीचा हात तसाच हाय. ऱ्हाऊ द्या तिला."

गोण्या राहिल्या. रात्रभर पंप फिरला. कुणीही पाण्यात उतरलं नाही. शनिवारी पट्टीचा रंग कालच्यापेक्षा पुष्कळ गडद झाला होता. थोडंच कमी होतं. दोघांनी एक गोणी फोडली आणि तीही निम्मीच वापरली. रविवारी सकाळी पट्टीवर हवा तोच रंग उमटला. अंकितानं बटण दाबलं...

हिरवा दिवा!

मुलींनी अशी आरोळी ठोकली की उसातले बगळे उडाले. धपाधप उड्या पडल्या. बऱ्याच वेळानं एकेक जण बाहेर आली, आणि आया वाकून वाकून डोळे बघू लागल्या. पांढरेशुभ्र! पण खरी गंमत पुढंच होती. चंद्राबाईंनी पदर खोचला. "माझं माहेर भिलवडीचं, कृष्णाकाठचं," असं म्हणत त्यांनी काठावरून थेट उडी मारली, आणि हात मारत पार पलीकडच्या काठाला जाऊन लागल्या.

नाथाजी बघतच राहिले. लग्नापासून त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. मग खिशातून फोन काढून लॉनवाल्याला म्हणाले, "न्हाई जमायचं, पाव्हणं. तलाव पोरींचा हाय. आणि... आमच्या मंडळींचा."

दुपारी मुली गेल्या. चंद्राबाई पायरीवर केस वाळवत बसल्या होत्या. अंकिता अजून पाण्यातच होती. ऋषिराज पँट दुमडून उथळ पाण्यात उतरला, कडेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"ओळख करून घेतोय," तो म्हणाला.

"कशी वाटली?"

"चांगली आहे. हट्टी आहे थोडी. काकांचं पण ऐकत नाही."

अंकितानं त्याच्यावर पाणी उडवलं.

"एक सांगायचं होतं," तो हळूच म्हणाला. "पण तुमच्याकडं सगळं थोडं थोडं घालायचं असतं. म्हणून आज निम्मं सांगतो, उरलेलं उद्या..."

"नको," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "हे आज एकदम. सगळी गोणी."

"सगळी?"

"सगळी."

मग तो बोलला. तिला पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हापासून ती आवडते, गोण्या पोचवायला दुकानात माणसं असताना तो मुद्दाम स्वतः आला, आणि पुन्हा यायला निमित्त राहावं म्हणून उरलेल्या गोण्या परत न्यायची त्याची अजिबात इच्छा नाही. हे सारं तो इतक्या मोठ्यानं बोलला की पायरीवरून आवाज आला, "मी ऐकलं गं बाई! आता तू काय ते बोल."

अंकिता पाण्यातून त्याच्याजवळ आली आणि तिनं हात पुढं केला.

"दांडा सोडा."

त्यानं दांड्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

आणि दोन्ही हातांनी सोडला.