इवागासे स्टेशनवरची आठवी गादी

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. त्यासाठी कल्पनाशक्ती लागते, आणि मी विमा कंपनीत आहे.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. इवागासे स्टेशन. दुपारची चार बाराची गाडी.

एकच डबा, एकच ड्रायव्हर. स्टेशनवर माणूस नाही. फक्त बाक, आणि त्यावर लोकरीच्या सात गाद्या. बसणाऱ्याला गार लागू नये म्हणून गावातल्या सात बायकांनी विणलेल्या.

त्यातल्या सहा जणी आता नाहीत.

सातवी माझी फुसाए आत्या.

त्या दिवशी रेल्वेची प्रवासी मोजणी होती. इथून सात जण चढले नाहीत, तर स्टेशन बंद. मग आत्याला शहरातल्या दवाखान्यात जायला गाडीच नाही. घर सोडून माझ्या खोलीवर यावं लागलं असतं.

नेमका तिचा गुडघा सुजला.

"इओरी, तू जा. मी मंडळाला सांगून ठेवलंय."

"कुठल्या?"

"विणकाम मंडळाला. काल थडग्यांवर पाणी घालून आले. तिथल्या पायऱ्यांनीच तर गुडघा गेला."

"आत्या, त्या मेल्यात."

"म्हणूनच. त्यांना दुसरं काम काय आहे?"

गाडी आली. मी चढलो. दाराशी यंत्र असतं, त्यातून नंबरची चिठ्ठी ओढून घ्यायची.

टर्र.

मी आत सरकलो...

टर्र.

मागे कोणी नव्हतं.

टर्र... टर्र...

माझ्यानंतर सहा वेळा. सावकाश, दम खात.

ड्रायव्हर मिझोगुचींनी आरशात पाहिलं. सहाव्या आवाजापर्यंत थांबले. मग नेहमीसारखं दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "दार, ठीक."



डब्यात बसलेल्या मोजणीच्या साहेबाने वहीत सात लिहिले.

"साहेब, मी तर..."

"नियमात चिठ्ठ्या मोजायच्या आहेत," तो मान वर न करता म्हणाला. "तोंडं नाहीत."

शहरात उतरताना मी चिठ्ठी भाड्याच्या काचेच्या पेटीत टाकली. आत आधीच सहा होत्या.

ओल्या.

स्टेशन वाचलं. परतीच्या गाडीने इवागासेला उतरलो. बाकावर बर्फ होता. गाद्यांवर नव्हता.

हात लावून पाहिला. सहा गाद्या गरम. आत्याची गार.

आणि टोकाला... एक नवी. अर्धवट विणलेली. राखाडी.

माझा मफलर राखाडी होता. गळ्याला हात लावला. गळा मोकळा.

"मी नाही विणली," आत्या म्हणाली.

एप्रिलमध्ये पत्र आलं. पुढच्या मोजणीला आठ जण लागतील.

मी दर रविवारी जाऊन बघतो. गादी दोन-दोन ओळींनी वाढते. एकदा मी सगळी उसवली. पुढच्या रविवारी होती तेवढी झाली होती, वीण जास्त घट्ट.

परवा पाहिली. चार ओळी उरल्यात. मोजणी पुढच्या महिन्यात.

"घाबरतोस काय?" आत्या म्हणाली. "तसाही तू चढणारच आहेस ना?"

"चढेन. पण उतरेन का?"

ती चहा ठेवायला आत गेली.