दुसरी घागर

"त्याला कुणी नाही रे, तू तरी हात जोड."

वेशीतल्या वीरगळापुढे थांबून आई असं म्हणायची. आज आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या सकाळी शालिग्राम नानांना तो आवाज पुन्हा ऐकू आला, आणि पाहतात तो वीरगळाची जागा रिकामी!

पारोळ्याच्या वाटेवरच्या त्या कसब्याचा इतिहास तो केवढा? एक वेस, एक बारव, आणि निनावी घोडेस्वाराचा हा हातभर दगड. बायको गेल्यापासून नाना तेवढंच उराशी धरून बसलेले.

"धुळ्याच्या मूर्तीचोरांचं काम," हवालदार पितांबर म्हणाले.

"मोटारीचा माग कुठंय मग?"

धुळीत फरपटल्याची रेघ होती. शेजारी अनवाणी, लहान पावलं. म्हाताऱ्या ताईबाईच्या गल्लीतल्या फरशीवर रेघ हरवली.

तोंडाशीच कुंभारीण बसलेली. "नाना, घागर नही लेतस? पितर पानीबिगर तिसे मरतीन! ती ताईबाई देखा, दोन लयी गयी."

ताईबाई आपल्या ओट्यावर होती.

"पहाटे काही ऐकलंत?" नानांनी विचारलं.

"म्हातारीले काय ऐकू येस, भाऊ!"

"दुसरी घागर कुठाय?"

"फुटनी."

आत एकच घागर भरलेली, वर खरबूज. खापराचा तुकडा कुठेच नव्हता. चुलीपाशी सून बेबाबाई सांजोऱ्या तळत होती.

"आखाजीला माहेरी नाही गेलीस, पोरी?"

"हे सुरतेहून आले नि दार बंद दिसलं, तर?"

दुसऱ्या घागरीच्या शोधात नाना परसातल्या गोठ्यात गेले. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगामागे वीरगळ उभा होता. पुढ्यात काठोकाठ भरलेली घागर.

"म्हातारी चोर?" पितांबर पुटपुटले.

"जुन्या पितरांची मिळून एक घागर," नाना हळू बोलले. "वर्षाच्या आत गेलेल्याची वेगळी. या घरातून यंदा कुणाची तिरडी निघाली नाही. म्हणजे माणूस दूर गेला, आणि देहही हाती आला नाही. त्याच्या नावानं बसवायला काहीतरी हवं ना? म्हणून तिनं बिनवारशी दगड ओढून आणला. चारचौघांत भरता येईना, म्हणून इथं लपवला."

"कोणाची घागर, आत्या?"

दारात बेबाबाई उभी. कपाळावर ठसठशीत कुंकू.

नानांनी मान खाली घातली. ते नाव उच्चारायचा हक्क त्यांचा नव्हता.

मागोमाग आलेली ताईबाई सुनेकडे वळली.

"शिमगाले सुरतना माणूस ऊना व्हता. मना धनसिंग तापीमा वाही गया, बेबा. तू माहेरले निंघी जाशी, मी एकली पडसू... म्हनीसन सांगं नही."