भिंतीवरचा यशोधन

"वल्लरी, कुणीतरी माझ्या यशोधनचा चेहरा पुसलाय," रेखाताई उभ्या उभ्याच म्हणाल्या.

वल्लरीने त्यांना खुर्ची दिली. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोतल्या एका किराणा दुकानाच्या माडीवर तिचं डिटेक्टिव्ह ऑफिस होतं. कोपऱ्यातल्या सोफ्यावर दिगंबरकाका बसले होते. रिटायर्ड इंजिनिअर. तिला त्यांची मदत थोडी व्हायची आणि ते प्रश्न फार विचारायचे, पण त्या प्रश्नांनीच आपलं डोकं चालतं, असं ती म्हणायची. ही केस मात्र काकांच्या जिव्हारी लागणारी होती. रेखाताईंच्या मुलाला, यशोधनला, त्यांनी रांगताना पाहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी पूर्व सॅन होजेत एका गाडीने त्याच्या सायकलला उडवलं. गाडीवाला थांबला नाही, पुढे सापडलाही नाही. यशोधन तिथल्या मेक्सिकन वस्तीतल्या मुलांना दर शनिवारी गणित शिकवायचा. वस्तीने त्याला बेकरीच्या भिंतीवर रंगवलं. रेखाताई दर रविवारी तिथे जाऊन उभ्या राहायच्या.

"शुक्रवारी दुपारी रामिरोचा फोन आला. चित्रकार तो," त्या सांगू लागल्या. "चायो नावाच्या एका बाईने ॲक्सिडेंट पाहिला होता. अमेरिकेत राहायची कागदपत्रं नव्हती, म्हणून पोलिसांना घाबरून गप्प राहिली. गेल्या महिन्यात वारली. मरताना तिने त्याला गाडीचं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, मी ती गाडी चित्रात काढलीय, रविवारी येऊन बघ. आणि शनिवारीच कुणीतरी रंग फासला."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतंत?"

"दोघांनाच. यशोधनचा रूममेट प्रसाद, आणि आपले डॉक्टर सुमंत. दर रविवारी तेच तर येतात माझ्या सोबतीला."

वल्लरी आणि काका त्या गल्लीत पोहोचले तेव्हा आभाळ राखेसारखं झालं होतं. दोन्ही बाजूंच्या भिंती बोलत होत्या. शेतात वाकलेले मजूर, मक्याची कणसं सोलणारी आजी, सीमेच्या तारांवरून उडणारी फुलपाखरं. बेकरीच्या भिंतीवर मुलांच्या घोळक्यात सायकल धरून एक तरुण उभा होता, पण त्याला चेहरा नव्हता. तिथे करडा रंग होता. शेजारी तसाच आणखी एक मोठा पट्टा होता. खाली बुटक्या ओट्यावर मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं मांडलेली होती.

"वस्तीत परका नको, असं कुणाला तरी वाटलं असणार," काका म्हणाले. "म्हणून चेहरा पुसला."

वल्लरीने भिंतीला नाक लावलं. "काका, नीट बघा. चेहऱ्यावर रंगाचा एकच पातळ हात आहे. आतून डोळे दिसतायत. या पट्ट्यावर मात्र तीन हात तरी आहेत."

"तिथेच गाडी होती," मागून रामिरो म्हणाला. त्याच्या बोटांच्या पेरांत निळा रंग मुरलेला होता. "चंदेरी गाडी. आरशाखाली काहीतरी लटकत होतं. पिवळं, गोल, आणि त्याला हिरव्या पाती. चायोने सांगितलं तसं काढलं. ते काय होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही."

बेकरीवाल्या डेल्फिनाने रंग फासणाऱ्याला पाहिलं होतं. "सकाळी दहा वाजता, भर उजेडात. केशरी जॅकेट, टोपी, मास्क. मला वाटलं, महापालिकेचा माणूस. पण जरा विचित्रच. पायरीवर बसला, डावा पाय सरळ पसरून. बूट काढले, मग ओट्यावर चढला. फुलं बाजूला ठेवली. काम झाल्यावर परत होती तशी मांडली."

"वेडाच दिसतो," काका पुटपुटले.

प्रसाद अपार्टमेंटमध्ये भेटला. त्याचे डोळे सुजलेले होते. "रेखामावशींनी सांगितल्यावर मला झोपच नाही. शनिवारी दुपारपर्यंत लॅबमध्ये अडकलो होतो, नाहीतर बघायला गेलो असतो. मी स्वतः ड्राइव्ह करायला लागलो तेच मागच्या वर्षी. यशोधन होता तेव्हा त्याच्या सायकलमागे बसून फिरायचो, यार."

डॉक्टर सुमंत काकांचे तीस वर्षांपासूनचे मित्र. त्यांच्या घरी ते खुर्चीत बसताच काकांनी सवयीने स्टूल पुढे सरकवलं. सुमंतांनी डावा पाय त्यावर सरळ ठेवला. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, पण गुडघा काही वाकत नव्हता.

"भिंतीवरची ती गाडी मी पाहिलीच नाही," ते म्हणाले. "गाडी काढली, एवढंच रेखाने सांगितलं. रंग, मॉडेल काही तिलाही माहीत नव्हतं."

"आरशाला काहीतरी लटकत होतं म्हणे," वल्लरी सहज म्हणाली.

"त्यावरून काय कळणार? लिंबू-मिरची शेकडो देशी गाड्यांत असते."

वल्लरीने चहाचा कप खाली ठेवला. "रविवारी बेकरीत या, डॉक्टर. सगळेच येतायत."

रविवारी बेकरीतल्या मागच्या टेबलाभोवती सगळे बसले. बाहेर धुकं होतं. वल्लरीने सावकाश बोलायला सुरुवात केली.

"चेहरा पुसायचा नव्हताच. तो पुसताना हात कचरला, म्हणून तिथे रंग पातळ. पुसायची होती ती गाडी. चेहरा पुसला तो आपण द्वेषाचा संशय घ्यावा म्हणून. म्हणजे पुसणाऱ्याला गाडीची भीती होती, आणि ती गाडी काढल्याचं शनिवारच्या आत रेखाताईंकडून दोघांनाच कळलं होतं."

प्रसादने मान वर केली.

"मेणबत्त्या आणि फुलं दिसताच बूट काढणारा माणूस वस्तीतला नाही. इथे कुणी बूट काढत नाही. आपण काढतो. प्रसादही काढेल. पण प्रसाद तेव्हा गाडी चालवत नव्हता, आणि त्याचा गुडघा वाकतो. राहिली लिंबू-मिरची. चित्रकाराला ती ओळखता आली नाही. डॉक्टरांना मी फक्त 'काहीतरी' म्हणाले होते. ज्याने चित्र पाहिलं असेल, किंवा ज्याने ती स्वतःच्या गाडीत टांगली असेल, त्यालाच तिचं नाव घेता येईल."

दिगंबरकाकांना सुमंतची चंदेरी गाडी आठवली. त्याच हिवाळ्यात त्याने ती विकली होती. 'गुडघ्यामुळे' म्हणाला होता. आपण विचारलंही नव्हतं.

"सुमंत," ते कसेबसे म्हणाले, "नाही म्हण रे."

सुमंत टेबलाकडे बघत होते. "अंधारून आलं होतं. दिसलाच नाही. घरी गेल्यावर बातमीत नाव ऐकलं. तेव्हा कळलं कोण ते." त्यांनी काकांकडे पाहिलं. "दर रविवारी सांगायचं ठरवून यायचो, दिगंबर."

प्रसाद ताडकन उठला. वल्लरीने त्याचा दंड धरला.

रेखाताई रडल्या नाहीत. तीन वर्षं मनात धरलेला एकच प्रश्न त्यांनी विचारला. "तुम्ही डॉक्टर आहात. सांगा मला. तो लगेच गेला का? की वाट बघत पडला होता?"

"मी खाली उतरलो नाही, रेखा," सुमंत म्हणाले. "मला माहीत नाही."

रेखाताईंनी पर्स उचलली. त्या भिंतीकडे न बघता धुक्यात चालू लागल्या. प्रसाद त्यांच्यामागे धावला. वल्लरीने फोन काढला, पण काकांनी तो तिच्या हातातून घेतला आणि पोलिसांचा नंबर स्वतः लावला. पलीकडून आवाज आला तेव्हा मित्राचं पूर्ण नाव त्यांना दोनदा सांगावं लागलं.