सातव्या रांगेचा उकाडा

जमिनीतून एक डोकं वर आलं आणि म्हणालं, "बाई, आणखी एक पाऊल टाकलंत तर थेट माझ्या मानेवर याल."

ती दचकून थांबली. हातातल्या तापमापकाकडे बघत चालायची तिला वाईट खोड. पुढची फरशी उचललेली आहे हे दिसलंच नव्हतं. खालच्या दोन हात खोल पोकळीत एक तरुण केबलींच्या पसाऱ्यात आडवा झाला होता. केसांत धूळ, दातांत बांधायची पट्टी, आणि डोळे... डोळ्यांकडे आपण मुळीच पाहिलं नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

"खड्ड्याभोवती दोरी लावायची पद्धत असते," ती ठसक्यात म्हणाली.

"लावली होती. तुम्ही ती सोबत घेऊन आलात."

तिने मागे पाहिलं. पिवळी दोरी तिच्या बुटात अडकून निम्म्या हॉलभर फरफटत आली होती.

डेटा सेंटर उभं राहत होतं. लोकांचे फोटो, पत्रं, दवाखान्यांचे कागद सांभाळणारे हजारो कॉम्प्युटर इथे कपाटांत रांगेने बसणार होते. ते एकमेकांना जोडायचं काम त्याचं, आणि त्यांचं डोकं थंड ठेवायचं काम तिचं. गार हवा फरशीखालच्या पोकळीतून यायची आणि जाळीच्या फरशांमधून कपाटांसमोर वर निघायची. कामगार तिला थंडीताई म्हणत. त्याला वेणीवाला म्हणत, कारण शंभर केबली तो अशा विंचरून बांधायचा की एक दुसरीवर चढायची नाही.

त्यानंतर, तो जिथे काम करत होता त्या सातव्या रांगेत तिचं जरा जास्तच काम निघू लागलं.

"रोज इथलंच तापमान बघता," तो एकदा म्हणाला. "बदलतं का काही?"

"तुम्ही असलात की अर्धा अंश वाढतं." बोलून गेल्यावर तिचे कान तापले. "म्हणजे... माणसाच्या अंगाची उष्णता असते ना. शास्त्र आहे ते."

"मी कुठे नाही म्हणतोय," तो हसू दाबत म्हणाला.

घरी वहिनीने दोन दिवसांत ओळखलं. "ते खड्ड्यातलं स्थळ काय म्हणतंय?" असं ती जेवताना भावासमोर खुशाल विचारायची, आणि हिला ठसका लागायचा.

एकदा चहा पिता पिता ती सहज बोलून गेली, "सातव्या रांगेत तुमच्या त्या वरच्या ट्रेतल्या केबली मध्ये येतात हो. शिडी नीट लागत नाही. वाकडं होऊन आकडे वाचते, कंबर धरते." आठवड्याभराने पाहते तर छताला टांगलेला ट्रे रिकामा आणि शिडी ऐटीत सरळ. ती इतकी खूश झाली की केबली गेल्या कुठे, हे विचारायचंच राहिलं.

मग चाचणीचा दिवस आला. खरे कॉम्प्युटर यायच्या आधी कपाटांत नुसते हीटर ठेवून हॉल मुद्दाम तापवतात आणि गारवा पुरतो का ते बघतात. सहा रांगा चोवीस अंशांवर शहाण्यासारख्या बसल्या. सातवी मात्र तीस, बत्तीस, पस्तीस करत वर निघाली. तिने जाळीची फरशी उचलली. खाली केबलींचा रुंद, देखणा गालिचा हवेची वाट अडवून पसरलेला होता.

तो धावत आला, वाकून बघितलं आणि तिथेच बसला.

"तुमची कंबर दुखते म्हणालात... म्हणून खालून नेल्या."

त्याचं हे स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम होतं. यावर पुढचा हॉल मिळणार की नाही ते ठरणार होतं.

"अहवालात लिहिणार?" त्याने विचारलं.

"लिहावंच लागेल. पुढे इथे खरे कॉम्प्युटर बसतील."

तो मान हलवून उठला. त्या दिवशी चहाला आला नाही.

"जेव गं," वहिनी म्हणाली. आज थट्टा नव्हती.

"वहिनी, तो आता माझं तोंडही बघणार नाही," ती म्हणाली आणि ताटावरच रडली.

सकाळच्या बैठकीत प्रकल्पाच्या साहेबांनी चष्मा लावून तिचा अहवाल वाचायला घेतला. "सातवी रांग, पस्तीस अंश. कारण, फरशीखाली हवेच्या वाटेत केबली. करणारे, केबल ठेकेदार." ते थांबले, कागद जवळ घेतला. "'मूळ कारण: मला शिडीवर वाकडं व्हावं लागतं, हे त्यांना बघवलं नाही. ट्रे रिकामा दिसूनही मी चौकशी केली नाही. निम्मी चूक माझी.'"

खोलीत खसखस पिकली. तो मात्र हसला नाही. तो सगळ्यांसमोर तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला कुठे बघावं ते कळेना.

"दोन दिवस देतो," साहेब म्हणाले. "दोघं मिळून निस्तरा. पुढच्या हॉलचं मग बोलू."

दोन दिवस तो शिडीवर आणि ती शिडी धरून. आठवड्याभराचं देखणं काम त्याने पट्टी पट्टी सोडवलं, पुन्हा वर बांधलं, आणि कुरकूर म्हणून केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हीटर पुन्हा सुरू झाले. सातवी रांग पंचवीसपर्यंत गेली, रेंगाळली... आणि चोवीसवर येऊन थांबली. साहेबांनी लांबूनच अंगठा दाखवला आणि पुढच्या हॉलचे नकाशे त्याच्या हातात ठेवून गेले.

"मला वाटलं, तुम्ही रागावलात," ती हळूच म्हणाली.

"रागावलो होतो. चांगला आठवडाभर रागवायचा बेत होता." तो शिडीवरून उतरला. "पण माझी चूक लिहिणारे पुष्कळ भेटले. तिच्याखाली स्वतःची लिहून दोघांचं नाव एका कागदावर आणणारी... तू पहिलीच."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. ते तिला इतकं आवडलं की तिने घाईघाईने चाचणीचा कागद पुढे केला. "ठेकेदाराची सही लागते. इथे."

त्याने सही केली. मग शेऱ्याच्या रिकाम्या चौकटीत बराच वेळ काहीतरी लिहिलं, कागद परत दिला आणि उगाचच शिडी घडी करू लागला.

'रांग थंड आहे. ठेकेदार नाही. थंडीताईंना चालणार असेल तर त्यांच्या घरी येऊन रीतसर विचारायची तयारी आहे.'

तिने दोनदा वाचलं. मग खाली लिहिलं, 'चालेल. रविवारी या.' आणि झोकात सही ठोकली.

हा कागद आता साहेबांच्या टेबलावर जाणार, हे तिला सहीनंतर आठवलं. पण खाडाखोड केलेला कागद साहेब स्वीकारत नाहीत, म्हणून तिने तो तसाच दिला.