पूजा होईपर्यंत थांबा

"ही तांबडी गाय कुणाची?"

आवाज अनोळखी होता. तरणा, शहरी... आणि जरा घाईतला. गाय माझीच होती, पण मी काही बोलले नाही. बोलणार कशी? माझी पूजा चालली होती.

आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. पूजा होईपर्यंत पाण्याचा घोट नाही, आणि कुणाशी शब्दही नाही. आजीनं लावलेली शिस्त. तिचंच नाव मला ठेवलंय, दानम्मा. तिचा हट्टीपणाही आलाय म्हणतात.

"अहो, तुम्हालाच विचारतोय! गाय फुगलीय, दिसत नाही का?"

माझ्या काळजात धस्स झालं. पण नजर काही मी उचलली नाही. घाईघाईनं मंत्र पुरा केला, लिंग चांदीच्या डबीत ठेवून डबी गळ्यात घातली आणि धावले. तोवर त्या माणसानं तांबडीची मान वर धरून तिच्या घशात तेलाची बाटली रिकामी केली होती. बाह्या तेलानं माखलेल्या, कपाळावर घाम. थोड्या वेळानं तांबडीनं मोठ्ठा ढेकर दिला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

"गाय मरत होती आणि तुम्ही तळहाताकडे बघत बसला होता," तो म्हणाला.

"मेली का मग? देवानं पाठवलं ना तुमाला!"

"मला दूध संघानं पाठवलं. गुरांचा डॉक्टर म्हणून."

"आन् संघाला बुद्धी कुणी दिली?"

तो हसला. मला आणखी राग आला... कारण हसताना तो बरा दिसत होता.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"मन्मथ."

"अगंबाई! म्हणजे आमच्यातलेच की. कपिलधारच्या स्वामींचं नाव, आन् गळा मोकळा?"

"नाव ठेवताना मला विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "मी देव मानत नाही." आणि पेटी उचलून पुढच्या दावणीकडे गेलासुद्धा. उद्धट मेला!

त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला होता. आमच्या गावच्या दूध संस्थेनं केजच्या रस्त्याला, महादेवाच्या देवळामागच्या माळावर चारा छावणी उघडली होती. सगळ्या गावाची गुरं तिथं, आणि गुरांपाशी घरातलं एक माणूस. माझ्या वडलांना, अप्पांना, किराणा दुकान सोडता येईना, म्हणून रात्री आमचे चुलते आणि उजाडल्यापासून मी.

संध्याकाळी गुरांना उसाचं वाढं टाकून झालं की लिंबाखाली माणसं जमायची. आधी पावसाचं बोलणं, मग टँकरचं, आणि पावसावरून गाडी हमखास देवावर यायची. एका बाजूला तात्याबा, देवळाचे जुने सेवेकरी. दुसऱ्या बाजूला डॉक्टर. बाकीचे मजा बघायला.

"डॉक्टर, आमच्या संस्थेचा चेअरमन छावणीत दिसतो का कवा?" तात्याबा एकदा म्हणाले. "न्हाई दिसत. पर संस्था चालती का न्हाई? मग देव दिसत न्हाई म्हणून तो न्हाईच, हे कसं?"

"चेअरमनला तुम्ही मतं दिली, काका. देवाला कुणी निवडून दिलं?"

"त्यो बिनविरोध आलाय!"

"बिनविरोध कुठं? मी विरोधात आहे ना."

सगळा माळ हसला. मीही हसणार होते, पण तेवढ्यात माझ्याआधी दुसरंच कुणीतरी खळखळून हसलं. केसर.

केसर म्हणजे चेअरमन अर्जुनरावांची मुलगी. बीडला कॉलेजात शिकायची, सुट्टीला आली होती. रोज संध्याकाळी थर्मास घेऊन यायची, डॉक्टरांना चहा म्हणून. आम्ही बाकीचे काय पेंड खाऊन राहत होतो? आणि बोलणं काय बाईसाहेबांचं! "मलाही हेच वाटतं डॉक्टर. देव वगैरे सगळं मानसिक असतं." गेल्या नवरात्रात हीच केसर तुळजापूरला अनवाणी गेलती! तिच्याच चपला पिशवीत घालून मी तिच्या मागून चालत होते, मला शिकवते!

पण ती त्याच्या शेजारी बसायची. तो बोलला की मान हलवायची. मी मात्र समोर बसून भांडायची. देवाच्या बाजूनं बोलायचं तर समोरच बसावं लागतं ना. देवा, तुझ्यापायी मला ती शेजारची जागा कधी मिळाली नाही. आत अशी आग पडायची की काय सांगू... घरी आल्यावर भाकरीसुद्धा गोड लागायची नाही.

"कावून गं, तोंड पाडून बसलीस?" आई विचारायची.

"उन्हानं," मी सांगायची.

मृग कोरडा गेला तेव्हा गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. आमच्याकडची रीत आहे ती. पाऊस ओढ देतो तेव्हा गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जातं त्या गोमुखीला बोळा मारायचा आणि पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्यानं भरायचा. देव गुदमरला की पाऊस पाडतो, असं म्हणतात.

त्या संध्याकाळी लिंबाखाली डॉक्टर उभेच राहिले. आज आवाजात थट्टा नव्हती.

"देव कोंडा, नाहीतर मोकळा सोडा, माझं काही म्हणणं नाही. पण पाणी कुठलं? टँकरचं. म्हणजे या जनावरांच्या तोंडचं. कालच दोन वासरं पाण्यासाठी ओरडून ओरडून बसकण मारून पडली. गाभारा भरायचा असेल तर आधी त्यांना सांगून या."

केसर तेवढी म्हणाली, "अगदी बरोबर!" तात्याबांचं तोंड इवलंसं झालं. म्हाताऱ्याचं देवावाचून दुसरं होतं काय? मला राहवलं नाही.

"पाणी सांडायचंच कावून?" मी उठले. "पिंड बुडाली, आरती झाली, की बोळा काढायचा. गोमुखीला टँकरचा पाइप लावायचा आन् पाणी सरळ गुरांच्या हौदात. सगळ्या बायका मिळून गाभारा धुऊन देतो. फूल न्हाई, दूध न्हाई, नुसतं पाणी वाहायचं. देवाचं न्हाणं होईल, गुरांना तीर्थ मिळंल."

तात्याबांनी मांडीवर थाप मारली. "पोरीनं जितलं की!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. अशा नजरेनं... की माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "पाइप मी धरतो," ते म्हणाले. "एक थेंब सांडू देणार नाही."

आणि तेवढ्यात केसरनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला. मेली!

सोमवारी बायकांची रांग लागली. घागरी हातोहात आत जात होत्या. मी पिंडीवर पाणी ओतलं, डोळे मिटले आणि म्हटलं, "पाऊस पाड रे बाबा." बाहेर येऊन उंबऱ्यापाशी रिकामी घागर घेऊन टेकले, तर माझ्यामागून केसर आत गेली. मला वाटलं, लोकलाजेनं आली असेल. पण आमचा गाभारा दगडी आणि घुमटाचा. आत कुजबुजलं तरी दाराशी लख्ख ऐकू येतं.

"महादेवा," केसर म्हणत होती, "डॉक्टर मला मिळू दे. सोळा सोमवार करीन."

देव न मानणारा नवरा मिळावा म्हणून देवाला नवस! हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण डॉक्टर देव मानत नसतील, मी मानते. मी मानते म्हणजे देव ऐकतो. आणि तो ऐकतो म्हणजे... केसरचंसुद्धा ऐकणार! मी वेडी नुसता पाऊस मागत बसले, आणि तिनं नेमकं ते मागून घेतलं.

आरती झाली. सगळ्यांनी हात जोडले. डॉक्टर देवळाबाहेर गोमुखीपाशी दोन्ही हातांनी पाइप धरून उभे होते, गुडघ्यापर्यंत भिजलेले. हौदावर गुरं तोंडाला तोंड लावून पाणी पीत होती. अप्पा किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत होते.

"हात काय जोडले न्हाईत गड्यानं," अप्पा म्हणाले, "पर पाइप सोडला न्हाई."

मी डॉक्टरांजवळ गेले. जिभेच्या टोकावर आलं होतं, तुमची ती चहावाली आत काय मागून आली, ठाऊक हाय का? एका वाक्यात केसरचा निकाल लागला असता. पण देवापाशी बोललेलं असं चव्हाट्यावर आणायचं नसतं. ते माझ्याच्यानं होईना.

"उद्या दुपारी जातोय," तेच म्हणाले. "तलवाड्याच्या छावणीवर पाठवतायत. तिकडं गुरं जास्त आहेत."

"जा की," मी म्हटलं. "तिथं बी कुणीतरी चहा आणीलच." आणि वळून चालायला लागले, डोळ्यातलं पाणी दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडीशेजारी पूजेला बसले खरी, पण ती पूजा कसली, भांडणच होतं. लिंग तळहातावर घेतलं आणि मनातल्या मनात तोंड सोडलं. काय रे, लहानपणापासून तुझी पूजा चुकवली नाही. तुझ्या बाजूनं सगळ्या गावापुढं भांडले. आणि तू तिचं ऐकणार? एका घागरीवर फितलास?

तेवढ्यात समोर सावली पडली. चपला ओळखीच्या होत्या.

"बोलू नका," डॉक्टर म्हणाले. "पूजा चालू दे. उलट बरंच आहे. एरवी मला एक वाक्य तुम्ही पुरं करू देत नाही."

ते पेंडीच्या पोत्यावर बसले. मी नजर हलवली नाही.

"देव नाही, असं मी म्हणतो. आजही म्हणतो. पण रोज सकाळी मी मुद्दाम याच दावणीवरून जातो. पलीकडची वाट जवळची आहे, तरी. आणि तुम्ही त्याच्याकडे अशा बघत असता की... गाय फुगो, डॉक्टर येवो, जग बुडो, तुमची नजर ढळत नाही. एवढ्याशा दगडाकडे! माझ्याकडे बघता ते फक्त भांडायला. माझं डोकं फिरतं हो. दिवसभर काम सुचत नाही."

बेलाचं पान तळहातावरून खाली पडलं. मी दुसरं वाहिलं. मंत्र कधीच संपला होता, पण मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. उठले असते तर ते गप्प झाले असते ना! एवढी लांब पूजा मी जन्मात केली नसेल.

"लोक केसरचं नाव घेतात, मला माहीत आहे. चांगली मुलगी आहे. पण मी काहीही म्हटलं की हो म्हणते. परवा मी चुकून म्हैस चार पायांवर उभी राहून झोपते म्हणालो, त्यालाही हो म्हणाली. मला... भांडणारीच हवी आहे, दानम्मा. आज दुपारी जाणार आहे. न सांगता गेलो असतो तर तलवाड्यात चित्त लागलं नसतं."

मी लिंग कपाळाला लावलं, डबी मिटली, गळ्यात घातली. मग सावकाश मान वर केली. त्यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता.

"डॉक्टर," मी म्हटलं, "देव न्हाई ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग इतके दिवस जळत कुणावर होता?"

त्यांनी तांबडीकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. सगळा उन्हाळा ज्या माणसाला कधी उत्तर कमी पडलं नव्हतं, तो कान खाजवत बसला.

"हरलो," शेवटी ते म्हणाले.

"वाद हरलात. मला न्हाई," मी म्हटलं, आणि माझी मीच एवढी लाजले की तांबडीच्या मानेआड तोंड लपवलं.

ते उठून पलीकडच्या बाजूनं आले. आमच्या दोघांमध्ये फक्त तांबडी रवंथ करत उभी होती. "एक गोष्ट आत्ताच सांगतो," त्यांचा आवाज उतरला होता. "तुमचे अप्पा म्हणतील, गळ्यात लिंग बांधा. मी मनात नसताना खोटं बांधणार नाही. त्यावर तुम्ही नाही म्हणालात तरी."

हीच भीती मलाही होती. सगळा उन्हाळा होती. पण ते खोटं बांधायला तयार झाले असते, तर मला जास्त भीती वाटली असती.

"नका बांधू," मी म्हटलं. "त्याला खोटं लई ओळखू येतं. अप्पांचं मी बघते. काल पाइप धरलेला बघितलाय त्यांनी तुमाला. पर माझी बी एक अट हाय. सकाळी माझी पूजा होईपर्यंत चहा मागायचा न्हाई. हाक मारायची न्हाई. मी त्याच्याकडंच बघणार, तुमच्याकडं न्हाई."

"रोज?"

"रोज. जन्मभर."

"आणि तोवर मी काय करायचं?"

"तुमी?" मी तांबडीच्या मानेवरून त्यांच्याकडे बघितलं. भांडायला नाही... नुसतं बघितलं, पहिल्यांदाच. "तुमी जळत बसायचं."